पेशीविना प्रथिनं: लायसेट किटचा आठ महिन्यांचा अनुभव, जळगाव

ई. कोलाय जिवाणू फोडून काढलेलं लायसेट (पेशींचा अर्क), ऊर्जेचं मिश्रण आणि आपला डीएनए एकत्र केले की नळीतच प्रथिन बनतं. १९६१ मध्ये निरेनबर्ग आणि मॅथाई यांनी जनुकीय संकेताचा पहिला शब्द अशाच अर्कात उलगडला होता. हिरव्या जीएफपीवर (हिरवं चमकणारं प्रथिन) किट उत्तम चालतं: १० मायक्रोलिटर मिश्रण, ५ नॅनोमोलर प्लाझ्मिड (जनुक असलेला गोल डीएनए), २९ अंश. चार तासांत निळ्या दिव्याखाली नळी हिरवी दिसते.

पण मे महिन्यात खोली चाळिशीला टेकते, आणि साधा इन्क्युबेटर फक्त तापवतो, थंड करत नाही. २९ वर लावलेला काटा ३८ दाखवतो आणि प्रथिनाच्या गुठळ्या होतात. उपाय घरातलाच: डीएनएच्या प्रती काढायचं पीसीआर मशीन. तिचा ब्लॉक थंडही होतो. झाकणाचं तापमान मात्र ४० च्या आसपास ठेवा, नेहमीच्या १०५ वर नको.

नळी काळीच राहिली, चमकली नाही, तर आधी डीएनए तपासा. मिनिप्रेपच्या (जिवाणूतून प्लाझ्मिड काढायची पद्धत) बफरमधला आरनेझ ए हा आरएनए तोडणारा एन्झाइम सोबत येतो आणि एमआरएनए, म्हणजे प्रथिन बनवायचा निरोप, खाऊन टाकतो. फिनॉल-क्लोरोफॉर्मने धुऊन अल्कोहोलने अवक्षेप काढा, किंवा आरनेझ इनहिबिटर (त्याला रोखणारं प्रथिन) टाका. पीसीआरचा सरळ तुकडा वापरायचा तर गॅमएस प्रथिन हवंच, नाहीतर लायसेटमधला रेकबीसीडी एन्झाइम तो कुरतडतो. मग मॅग्नेशियम: दर नव्या लायसेटला ६ ते १४ मिलिमोलर, दोन-दोनच्या टप्प्यानं तपासा. कंटाळवाणं काम आहे, पण टाळलं की उत्पादन पडतंच.

हेच मिश्रण पेशीसारख्या पातळ स्निग्ध पडद्याच्या सूक्ष्म पिशव्यांत भरणं जास्त नाजूक. पीओपीसी (पडदा बनवणारा स्निग्ध पदार्थ) खनिज तेलात विरघळवून, त्यात सुक्रोज घातलेलं मिश्रण टाकून नळी स्टँडवर खरखर घासायची. तेल दुधाळ झालं पाहिजे. ते ग्लुकोजच्या द्रावणावर अलगद सोडून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं. सुक्रोज जड, म्हणून पिशव्या तळाशी बसतात. लायसेट मिश्रणाची ऑस्मोलॅरिटी (विरघळलेल्या कणांचं प्रमाण) बरीच जास्त असते. ती मोजूनच ग्लुकोज ठरवा. बाहेर कमी पडली की पिशव्या फुगून फुटतात, जास्त झाली की सुरकुततात.

आणि पार्सल: कोरडा बर्फ संपलेला खोका परत करा. वितळून पुन्हा गोठलेलं लायसेट दिसायला तसंच असतं, कामाला नाही. आलं त्याच दिवशी ३० मायक्रोलिटरचे भाग करून उणे ८० ला ठेवा. लोडशेडिंग असेल तर फ्रीजर इन्व्हर्टरवर हवा.