घशाशी येणारं आम्ल: बाळाला औषध द्यावं का, आणि मोठ्यांनी कधी घ्यावं?

दूध प्यायल्यावर बाळ गुळणी टाकतं आणि जेवल्यावर मोठ्या माणसाच्या घशाशी येतं, तेव्हा आत घडतं ते एकच. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथला गोल स्नायू नको त्या वेळी सैल पडतो आणि जठरातलं वर चढतं. निर्णय मात्र दोघांसाठी जवळजवळ उलटे घ्यावे लागतात.

बाळाची अन्ननलिका आखूड, आहार सगळा पातळ आणि बराचसा दिवस आडवं पडून. दूध बाहेर येणारच. साधारण चौथ्या महिन्यात हे सर्वांत जास्त दिसतं आणि बहुतेकांचं वर्ष-दीड वर्षात आपोआप थांबतं. वजन वाढतंय, दूध आवडीने पितंय, गुळणी टाकून पुन्हा हसतंय, तर हा आजार नाही. कपडे तेवढे जास्त धुवावे लागतील. किरकिर करतं म्हणून आम्ल कमी करणारं औषध मागायचा मोह होतो, पण त्याने रडणं थांबतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही, आणि जंतुसंसर्गाची शक्यता वाढते. त्यापेक्षा थोडं थोडं दूध अधिक वेळा पाजा, मध्ये ढेकर काढा, नंतर काही वेळ उभं धरा. झोपवायचं मात्र पाठीवर, सपाट गादीवर. डोक्याखाली उशी नको. गाईच्या दुधातल्या प्रथिनांची अ‍ॅलर्जीही हुबेहूब अशीच दिसू शकते. तशी शंका असेल तर डॉक्टर 2 ते 4 आठवडे ती प्रथिनं बंद करून पाहतात. अंगावर पाजत असाल तर तुमच्याच आहारातून.

हिरवी किंवा रक्ताची उलटी, दूध जोरात लांब उडणं, दूध नाकारणं, वजन न वाढणं, किंवा सहा महिन्यांनंतर पहिल्यांदाच हा त्रास सुरू होणं: यात वाट पाहायची नाही. हिरवी उलटी असेल तर त्याच क्षणी निघा.

मोठ्यांचं वेगळं. इथे वाट पाहण्याचीच सवय नडते. वर्षानुवर्षं अँटासिड चघळत राहणारे कमी नाहीत. कधीमधी जळजळ झाली तर ते ठीकच. पण आठवड्यातून दोनदा किंवा जास्त होत असेल तर डॉक्टरांना दाखवा. सततच्या आम्लाने अन्ननलिकेला व्रण पडतात, ती अरुंद होते. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल यांसारखं आम्ल कमी करणारं औषध सहसा 4 ते 8 आठवडे देतात. ते जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायचं असतं. जेवणानंतर घेऊन ‘गुण येत नाही’ म्हणणारे बरेच. सोबत वजन उतरवणं, जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचं अंतर, डाव्या कुशीवर झोपणं. पलंगाची डोक्याकडची बाजू 15 ते 20 सेंटिमीटर उचलणं मोठ्यांना उपयोगी पडतं. बाळासाठी तेच धोक्याचं.

घास अडकणं, काळी शौच, कारण नसताना वजन घटणं, यासाठी एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून आतली तपासणी, लागते. आणि छातीतली जळजळ हात किंवा जबड्याकडे सरकत असेल, घाम फुटत असेल, तर अँटासिड शोधत बसू नका; ते हृदयाचं असू शकतं, थेट रुग्णालय गाठा.