'अहो, तुमच्या पानात शवपेटी आलीय!' : छत्तीस पत्त्यांच्या क्लासमधली फसवणूक

इंदूरमध्ये रामबाग, लोकमान्य नगरकडच्या मराठी घरांत भिशीतून किंवा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून लेनोरमाँ पत्त्यांच्या (भविष्य सांगायच्या चित्रांच्या पत्त्यांच्या) क्लासचं आमंत्रण येतं. पहिली बैठक फुकट. सगळे 36 पत्ते नऊ-नऊच्या चार रांगांत मांडतात, याला ग्रँड टॅब्लो म्हणतात. शिकायला आलेल्या बाईसाठी 29 नंबरचा, स्त्रीचा पत्ता धरतात. मग क्लास घेणाऱ्या ताईंचा चेहरा गंभीर होतो, "अहो, तुमच्या पानात शवपेटी आलीय."

गोम इथेच आहे. या मांडणीत एकही पत्ता बाजूला राहत नाही, म्हणजे 8 नंबरची शवपेटी प्रत्येकीच्या टेबलावर, दर वेळी असणारच! वाचायचं असतं ते अंतर. स्त्रीच्या पत्त्यापासून शवपेटी लांब असेल तर जुन्या पद्धतीत तिचा जोर कमी धरतात. आणि चिकटून आली तर? ढग, शवपेटी, विळा, डोंगर, उंदीर, क्रॉस हे सहा पत्ते वाईट मानले, तर त्यातला निदान एक स्त्रीच्या पत्त्याला (तिरकी घरं धरून) दहापैकी जवळजवळ सात मांडण्यांत चिकटतोच. घाबरवायला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही.

पुढे 'शांती'चे पैसे, 'भारलेला' डेक (पत्त्यांचा संच) आणि तीन लेव्हलची फी. पहिलीत पत्त्यांचे अर्थ, दुसरीत घरं (पहिली जागा 1 नंबरच्या घोडेस्वाराची, दुसरी 2 नंबरची, असं 36 पर्यंत), 'मास्टर'मध्ये समोरासमोरच्या जोड्या आणि बुद्धिबळातल्या घोड्याची चाल. हे सगळे नियम वहीच्या दोन पानांत मावतात. वेळ लागतो तो सरावाला, आणि तो घरीच करायचा : एक प्रश्न, मांडणीचा तारखेसह फोटो, आधी स्त्रीभोवतीचे पत्ते, मग तिची आडवी-उभी रांग. नेमकं हेच क्लासात होत नाही.

'मादाम लेनोरमाँची गुप्त परंपरा' हीसुद्धा थापच. पॅरिसमध्ये भविष्य सांगणाऱ्या या बाई 1843 मध्ये वारल्या. पत्त्यांना त्यांचं नाव नंतर चिकटवलं. चित्रं आली जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या हेख्टेल नावाच्या माणसाने बनवलेल्या एका पटाच्या खेळातून.

पैसे यूपीआयने गेले असतील तर लगेच 1930 ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन करा, चॅट पुसू नका. क्लासच्या फीची तक्रार 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर. रोख दिलेल्यांचं अवघड आहे, पावती मागितली की ताई म्हणतात, "दक्षिणेची कधी पावती असते का?"