दुमजली मॉडेल रेल्वे कोकणातल्या घरात: हेलिक्स, भिंतीभोवतीचा चढ की लिफ्ट?

दोन मजल्यांच्या लेआउटबद्दल जे वाचायला-बघायला मिळतं ते बहुतेक अमेरिकेतल्या तळघरांतलं असतं. घराखाली मोठी, बंदिस्त, कोरडी राखलेली जागा आणि भिंतींलगत एकावर एक दोन-तीन डेक (रूळ मांडायच्या फळ्या). आपल्याकडे तळघर औषधालाही सापडत नाही. उतारावरच्या घराला खालच्या अंगाला एखादी खोली असते, जुन्या कौलारू घराला पोटमाळा असतो, आणि मुलं मुंबई-पुण्याला गेली की वरची एखादी बेडरूम रिकामी पडते. यांपैकी कुठे काय जमेल आणि गाडी खालच्या डेकवरून वर कशी न्यायची, याचा हा हिशेब. खोली 12 बाय 14 फूट धरली आहे, दोन डेकमधलं अंतर 300 ते 400 मिमी, आणि विषय अर्थातच कोकण रेल्वे.

आधी जागा

खालच्या खोलीची मागची भिंत मातीला टेकलेली असते. मे महिन्यात ती ठणठणीत दिसते. आषाढात चिरा पाणी पितो आणि भिंतीला पाझर फुटतो. अशा भिंतीवर ब्रॅकेट ठोकून डेक टांगणं मला पटत नाही. ओल तर आहेच, शिवाय सच्छिद्र चिऱ्यात फास्टनर काँक्रीटइतका घट्ट धरत नाही. वजन जमिनीवर उभ्या केलेल्या खांबांवर घ्यावं आणि डेकच्या मागे वीतभर जागा हवेला मोकळी ठेवावी. या खोलीचा फायदा एकच, पण मोठा: वर्षभर तापमान फारसं हलत नाही.

पोटमाळ्यावर नेमकं उलट. कौलांखाली एप्रिल-मेमध्ये उभं राहवत नाही, आणि 15 मीटर सलग रूळ 20 अंशांनी तापला तर जवळजवळ 5 मिमी वाढतो. ठरावीक अंतरावर फट सोडली नसेल तर तो वाकडा होणारच. शिवाय छपराच्या उतारामुळे कडेला उंची मिळत नाही, म्हणजे वरचा डेक जिथे हवा तिथेच डोकं आपटणार. माळ्यावर एकच डेक करावा, दुसऱ्याचा नाद सोडावा.

स्लॅबखालची बेडरूम मिळत असेल तर विचार करू नका, ती घ्या. घरच्यांशी वाटाघाटी तुमच्या तुम्ही.

एचओ की एन

मॉडेलच्या या दोन मापांपैकी (एचओ मोठं, एन लहान) कोणतं घ्यायचं, हा प्रश्न आवडीचा समजला जातो. दोन मजले करायचे असतील तर तो उंचीचा प्रश्न होतो, आणि कोकण रेल्वेच्या बाबतीत एकटा पानवल नदीचा पूल तो सोडवून टाकतो. रत्नागिरीच्या दक्षिणेचा हा पूल 64 मीटर उंच आणि 424 मीटर लांब आहे. एचओमध्ये, म्हणजे 1:87 ला, त्याची उंची भरते सुमारे 736 मिमी आणि लांबी पावणेपाच मीटरच्या वर. वरच्या डेकवर तो उभा केला तर त्याचे खांब खालचा डेक फोडून पार खाली जातील. एनमध्ये, 1:160 ला, तोच पूल 400 मिमी उंच आणि 2.65 मीटर लांब होतो. दोन डेकमधल्या अंतरात तो जवळपास जसाच्या तसा बसतो. त्या भागात खालचा रूळ तेवढा भिंतीच्या बाजूला सरकवून बोगद्यात घालायचा.

गाडीच्या लांबीचंही तेच. एलएचबी (नव्या पद्धतीचा प्रवासी) डबा साधारण 24 मीटरचा. दहा डबे आणि एक इंजिन अशी माफक गाडी एचओमध्ये तीन मीटर होते, म्हणजे एका स्टेशनात बारा फुटांची भिंत संपली. एनमध्ये तीच गाडी 1.65 मीटरमध्ये मावते. एचओच्या बाजूने बोलायचं तर इंजिनं जड असतात, चढ चांगला घेतात, आणि चाळिशी लागलेल्या डोळ्यांना डबा रुळावर चढवणं सोपं जातं. रुंदीच्या बाबतीत दोन्ही सारखीच चुकतात: आपला ब्रॉडगेज 1676 मिमीचा, एचओमध्ये तो 19.3 मिमी हवा, रूळ मात्र 16.5 मिमीचा मिळतो. ज्याला हे खुपतं त्याने रूळ स्वतः बनवावेत. बाकीच्यांनी दोन पावलं मागे उभं राहून बघावं.

वर जायचे तीन रस्ते

हेलिक्स म्हणजे एकावर एक चढत जाणारी गोल वेटोळी. एचओमध्ये एवढे लांब डबे चालवायचे तर त्रिज्या 750 मिमीच्या खाली नेऊ नये. एका फेऱ्याला 4.7 मीटर रूळ लागतो आणि 2.2 टक्के चढाला गाडी 104 मिमी वर जाते. 400 मिमी चढायला चार फेरे आणि 18 मीटर रूळ. जमीन अडते जवळपास सव्वापाच बाय सव्वापाच फूट, म्हणजे आपल्या खोलीचा सहावा हिस्सा. वळणाचं घर्षणही चढात धरावं लागतं. ठोकताळा असा की 32 ला इंचांतल्या त्रिज्येने भागायचं आणि येईल ते टक्क्यांत मिळवायचं. इथे ते एक टक्क्याच्या वर जातं, म्हणजे इंजिनाला 3.3 टक्क्यांचा घाट चढल्यासारखं वाटणार. एनमध्ये 400 मिमी त्रिज्या चालते, जागा तीन बाय तीन फूट पुरते, पण फेरे सात-आठ होतात.

गाडी दिसत नाही, ही हेलिक्सवरची नेहमीची तक्रार. एनच्या हेलिक्समध्ये मॉडेलच्या प्रमाणात ताशी 60 किमी भरेल अशा वेगाने गाडी जवळजवळ तीन मिनिटं गडप होते. देशावरच्या सपाट मार्गाचा लेआउट असता तर मी हे मान्य केलं नसतं. पण ज्या मार्गावर नव्वदहून अधिक बोगदे आहेत आणि एकटा करबुडे साडेसहा किलोमीटरचा आहे, तिथे तीन मिनिटांचा काळोख खरा वाटतो. उक्षीला गाडी आत गेली आणि वरच्या डेकवर भोक्याला बाहेर आली, एवढं नाट्य हेलिक्स फुकटात देतो. अडचण येते ती गाडी आत घसरली की. मधल्या पोकळीत वाकून शिरता येईल एवढी जागा आणि चौथ्या फेऱ्यापर्यंत पोहोचणारा हात, दोन्ही लागतात.

भिंतीभोवतीच्या चढात वेटोळं नसतं. सगळा लेआउटच खोलीभोवती चढत जातो आणि एक फेरी पूर्ण झाली की आपोआप वरचा डेक होतो. आपल्या खोलीत डेकच्या मधून मोजलेली फेरी साधारण 14 मीटर. दोन टक्के चढाने 280 मिमी मिळतात. कागदावर सुंदर. पण स्टेशन सपाट हवं, नाहीतर उभे केलेले डबे घरंगळतात. दोन-दोन मीटरची दोन स्टेशनं काढली की चढायला दहाच मीटर उरतात, आणि 300 मिमीसाठी चढ तीन टक्क्यांवर जातो. एनमध्ये आठ डब्यांची गाडी घेऊन हे निभावता येतं. एचओमध्ये स्टेशनंच तीन-तीन मीटरची लागतात, चढ पावणेचार टक्क्यांवर जातो आणि इंजिन जागच्या जागी चाकं फिरवत बसेल. खऱ्या कोकण रेल्वेचा चढ 1:150 च्या वर नाही. तो पाळला तर पूर्ण फेरीत फक्त 93 मिमी मिळतील, म्हणून तो आग्रह पहिल्याच दिवशी सोडावा.

तरीही एनसाठी माझं मत या चढालाच. कोकण रेल्वेचा बराचसा मार्ग एकेरी, क्रॉसिंगला गाडी लूपवर (बाजूच्या रुळावर) थांबणार, आणि तुम्ही तिच्याबरोबर भिंतीच्या कडेने चालत रत्नागिरीहून निवसरकडे जाणार. रूळ सतत डोळ्यांसमोर राहतो, साफ करायला हात पोहोचतो. दार मात्र आडवं येतं, आणि इथे ते दोन उंचींवर येतं. दोन्ही डेकना मिळून एकच बिजागरीची फळी करावी आणि ती उघडली की अलीकडच्या हातभर रुळाचा वीजपुरवठा तुटेल असा स्विच बसवावा.

लिफ्टबद्दल थोडक्यात. फळीवर गाडी उभी करायची आणि फळी वर न्यायची. जागा सगळ्यांत कमी लागते, पण गाडी फळीएवढीच असू शकते. प्रत्येक वेळी रूळ मिलिमीटरच्या आत जुळावे लागतात, आणि दमट हवेत लाकूड हललं की ते जुळत नाहीत. गाड्या साठवायला लिफ्ट उत्तम. मुख्य मार्गावर मी ती बसवणार नाही.

लाकूड, लोखंड आणि वाळवी

एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड यांचं नावही काढू नका, दुसऱ्या पावसाळ्यात कडा फुगतात. आयएस 710 चा मरीन प्लाय घ्यावा आणि कापलेली प्रत्येक कड रंगाने किंवा सीलरने बंद करावी. सांगाड्याला साग परवडत नसेल तर फणस चांगला. आंब्याची फळी स्वस्त पडते, पण तिला कीड फार लवकर लागते. पाय जमिनीला थेट टेकवू नयेत, वाळवी तिथूनच चढते.

हेलिक्स थ्रेडेड रॉडवर उभा करतात. समुद्राजवळच्या गावात साधे रॉड इतके गंजतात की नंतर उंची जुळवायला नट फिरत नाही. तिथे स्टेनलेसच लागतो आणि खर्च वाढतो. भिंतीभोवतीच्या चढाला हा प्रश्नच नाही. रूळ दोन्हीकडे निकेल-सिल्व्हरचेच घ्यावेत. पोलादी रुळांना आपल्या हवेत गंज चढायला वेळ लागत नाही.

विजेसाठी डीसीसी, म्हणजे प्रत्येक इंजिनाला स्वतंत्र डिजिटल हुकूम देणारी पद्धत. एका चढावर एक गाडी वर येत असताना दुसरी लूपवर उभी ठेवायची तर साध्या डीसीमध्ये वायरिंगचा गुंता होतो. वीज गेली तर गाडी चढावरच अडकून राहते, म्हणून कंट्रोलर इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यावा. वैशाखात आणि परतीच्या पावसात आकाश गडगडू लागलं की प्लग मात्र हाताने काढावा, स्विच बंद करून भागत नाही.

एचओचं सामान आधीच घेऊन ठेवलं असेल आणि खोली हीच असेल तर हेलिक्स कोपऱ्यात बसवा आणि पानवल पुलाची उंची निम्म्यावर आणा. काहीच घेतलं नसेल तर एन आणि भिंतीभोवतीचा चढ. आणि खोली दहा फुटांपेक्षा अरुंद असेल तर दोन मजले करूच नका: एका डेकवर रत्नागिरी स्टेशन करा, डेकखाली गाड्या साठवायला लिफ्ट ठेवा.