तीन वर्षं एएमसी भरली, डोमेनचा मालक मात्र मेंटेनन्सवालाच

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका बेदाणा व्यापाऱ्याला दिवाळीच्या तोंडावर हैदराबादच्या जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला. गुगलवर दुकानाचं नाव शोधलं की खाली जपानी अक्षरं येतात आणि क्लिक केलं की बुटांचं दुकान उघडतं. व्यापाऱ्याने लगेच आपल्या मोबाइलवर वेबसाइटचा पत्ता टाइप करून पाहिला. साइट ठणठणीत. मेंटेनन्सवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "साहेब, त्यांच्याच फोनमध्ये व्हायरस असेल."

व्हायरस फोनमध्ये नव्हता. हॅक झालेली साइट मालकाला बऱ्याचदा चांगलीच दिसते, कारण घुसवलेला कोड आधी माणूस कुठून आलाय ते बघतो. थेट पत्ता टाकणाऱ्याला नेहमीचं पान, गुगलवरून येणाऱ्याला भलतंच दुकान. त्यामुळे नुसता पत्ता टाकून समाधान मानू नका. गुगलच्या चौकटीत इंग्रजीत 'साइट' हा शब्द, त्याला चिकटून कोलन आणि जागा न सोडता आपला पत्ता टाका. तुमची साइट पंधरा पानांची आणि गुगल शेकडो पानं दाखवत असेल, तर कुणीतरी आत घुसलेलं आहे.

या साइटची एएमसी (वर्षभराच्या देखभालीचा करार) होती वर्षाला १८,००० रुपये. शिवाय 'एसएसएल रिन्युअल' (साइटशी जोडणी सुरक्षित ठेवणारं सर्टिफिकेट नवं करणं) म्हणून ४,५०० वेगळे. तीन वर्षांत ६७,५०० रुपये गेले आणि दरवर्षी बिलावर एकच ओळ: वेबसाइट मेंटेनन्स चार्जेस. काय केलं, कधी केलं, काही नाही.

आत बघितल्यावर सगळं उघड झालं. साइट ज्या सॉफ्टवेअरवर चालते त्या वर्डप्रेसची आवृत्ती ५.८, म्हणजे जुलै २०२१ ची. साइट बनवली त्या दिवसापासून कुणी हात लावलेला नव्हता. एकोणीस प्लगइनपैकी (साइटला जोडलेले छोटे जादा प्रोग्राम) चौदांचे अपडेट अडकलेले. होमपेजवरचे फोटो सरकवणारं प्लगइन क्रॅक केलेलं, फुकटात उतरवलेलं. खरी मेख इथेच आहे. क्रॅक प्लगइनला लायसन्स की नसते, म्हणून त्याला अपडेट मिळत नाहीत. बाकीचं अपडेट करायला गेलं की हे जुनं प्लगइन मोडतं आणि साइट पांढरी पडते. म्हणून असा माणूस कशालाच हात लावत नाही, सगळे अपडेट बंद करून ठेवतो आणि बिल तेवढं वेळेवर पाठवतो. बरेचदा क्रॅक करणाऱ्याने मागचं दारही आतच ठेवलेलं असतं.

बॅकअप होता, पण त्याच होस्टिंगवरच्या (साइट ठेवलेल्या भाड्याच्या सर्व्हरवरच्या) फोल्डरमध्ये आणि साइट बनवली त्या आठवड्याचा. सर्व्हर गेला की तोही गेला. बॅकअपचे दोन भाग असतात. एक फायली: फोटो, थीम, प्लगइन. दुसरा डेटाबेस: पानांवरचा मजकूर, उत्पादनं, ऑर्डरी. नुसती फोटोंची झिप फाइल म्हणजे बॅकअप नव्हे. दोन्ही भाग दर महिन्याला तुमच्या स्वतःच्या गुगल ड्राइव्हवर आले पाहिजेत, आणि वर्षातून एकदा तरी त्यावरून साइट दुसरीकडे उभी करून बघितली पाहिजे.

एसएसएलचं तर अगदी घरबसल्या तपासता येतं. पत्त्याशेजारच्या चिन्हावर क्लिक करून सर्टिफिकेट उघडा. देणाऱ्याचं नाव 'लेट्स एन्क्रिप्ट' आणि मुदत ९० दिवसांची दिसली, तर ते फुकट मिळतं आणि बहुतेक होस्टिंगवर आपोआप नवं होतं. या व्यापाऱ्याच्या साइटवर तेच होतं. त्याचेच वर्षाला ४,५०० घेतले जात होते.

एवढं कळल्यावर व्यापाऱ्याने माणूस बदलायचं ठरवलं, आणि खरी फसवणूक तेव्हा समोर आली. डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, व्यापाऱ्याच्या नावावर नव्हतंच. नोंदणी मेंटेनन्सवाल्याच्या ईमेलवर, त्याच्याच नावाने केलेली. त्याने 'ट्रान्सफर चार्ज' मागितला ४०,००० रुपये. डॉट कॉमचं रिन्युअल वर्षाला हजार-दीड हजाराच्या आसपास असतं, हे लक्षात घ्या. इकडे दिवाळीसाठी अर्ध्या किलोचे ४,००० गिफ्ट बॉक्स छापून तयार आणि प्रत्येकावर हाच वेबसाइटचा पत्ता. शेवटी २५,००० वर सौदा ठरला.

नियम मालकाच्या बाजूचे आहेत, पण मालक म्हणजे ज्याचं नाव नोंदणीत आहे तो. त्याने मागणी केली की डॉट कॉमसारख्या डोमेनसाठी रजिस्ट्रारला (डोमेनची नोंदणी करणाऱ्या कंपनीला) ट्रान्सफरचा ऑथ कोड (डोमेन दुसरीकडे न्यायला लागणारा गुप्त कोड) पाच दिवसांत द्यावा लागतो. पैसे कुणी भरले, हे तिथे कुणी विचारत नाही. म्हणून बिल कितीही जपून ठेवलं तरी नाव तपासा. हूइज माहिती (डोमेनच्या मालकाची जाहीर नोंद) बऱ्याचदा झाकलेली असते. तेव्हा थेट रजिस्ट्रारच्या लॉगिनचा स्क्रीन समोर बसून बघा: रजिस्ट्रंट (नोंदणीतला मालक) म्हणून कुणाचं नाव, कुठला ईमेल, कुठला मोबाइल.

इथे एक ठरलेलं उत्तर मिळतं: "माझ्या अकाउंटला बाकीच्यांचीही डोमेन आहेत, पासवर्ड कसा देऊ?" ते खरंच असतं, पण पासवर्ड मागायची गरजच नाही. त्याच रजिस्ट्रारकडे तुमच्या ईमेलने अकाउंट उघडा आणि डोमेन त्यात 'पुश' करायला, म्हणजे हलवायला, सांगा. बहुतेक ठिकाणी याला पैसे पडत नाहीत आणि काम काही मिनिटांत होतं. दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायचं तर लॉक काढून ऑथ कोड घ्यावा लागतो, पाच दिवसांपर्यंत वेळ जातो आणि तेवढ्यात जुना माणूस ट्रान्सफर नाकारू शकतो. पैसे द्यायची वेळ आलीच, तर डोमेन तुमच्या अकाउंटला दिसल्यावरच द्या. नुसत्या कोडवर पैसे सोडू नका, कोड बदलता येतो.

चौकशीच्या फॉर्मकडेही बघा. या साइटवर भरलेला प्रत्येक फॉर्म मेंटेनन्सवाल्याच्या जीमेलवर जात होता. कुणाकुणाची चौकशी कुठे गेली, ते आता कळायला मार्ग नाही. महिन्याच्या एक तारखेला स्वतःच फॉर्म भरा आणि मेल तुमच्याकडे येतो का ते बघा. स्पॅममध्ये येत असेल तर एसपीएफ आणि डीकेआयएमची नोंद (मेल खरंच तुमच्या डोमेनवरून आला हे पटवणारी) राहिलेली असू शकते.

गुगल मॅपवरचं दुकानही त्याच्याच ताब्यात असेल, तर बिझनेस प्रोफाइलवर ॲक्सेसची विनंती टाका. सध्याच्या मालकाला उत्तर द्यायला तीन दिवस असतात, त्यानंतर अनेकदा स्वतः पडताळणी करून ताबा घेता येतो.

भांडणात त्याने साइट उडवली किंवा माहिती पुसली, तर तो माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ चा विषय आहे. स्क्रीनशॉट, बिलं, व्हॉट्सॲपवरचं बोलणं जपून राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. ऑनलाइन पैसे नुकतेच गेले असतील, तर लगेच १९३० ला फोन लावा. डॉट इन डोमेनवर तुमच्या दुकानाचं किंवा ट्रेडमार्कचं नाव दुसऱ्याने अडवलं असेल, तर डॉट इनचा कारभार बघणाऱ्या निक्सीकडे आयएनडीआरपी या डोमेनच्या वादांसाठीच्या नियमांखाली दाद मागता येते. त्यात खर्च आणि वेळ दोन्ही जातो, म्हणून आधी पुशसाठीच जोर लावा.

पुढची एएमसी भरण्याआधी आपल्या माणसाला हा मेसेज पाठवा: "डोमेन माझ्या अकाउंटला पुश करा. होस्टिंगचं लॉगिन आणि वर्डप्रेसचा ॲडमिन युजर माझ्या ईमेलवर द्या. फायली आणि डेटाबेसचा आजचा बॅकअप माझ्या ड्राइव्हवर टाका. गेल्या वर्षी काय काय अपडेट केलं, त्याची तारीखवार यादी द्या. हे मिळालं की पेमेंट करतो." काम करणारा माणूस हे दोन दिवसांत देतो.