परदेशातून दत्तक आलेली नातवंडं गावी येणार होती, त्यासाठी घेतलेलं फॅमिली काउन्सेलिंग, जळगाव (५ पैकी ४ स्टार)

आधीच सांगून टाकते, या काउन्सेलर मॅडम मूल दत्तक मिळवून देत नाहीत, त्यामुळे तसले फोन त्यांना करू नका. आपल्याकडे त्यासाठी कारा या केंद्र सरकारच्या दत्तक संस्थेच्या कॅरिंग्ज पोर्टलवर नोंदणी करावी लागते, होम स्टडी म्हणजे घरची पाहणी-चौकशी होते आणि २०२२ पासून शेवटचा आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात. मधे कोणी "ओळख आहे, करून देतो" म्हणाला की सरळ दार दाखवा. या मॅडम फक्त घरच्यांची तयारी करून घेतात.

आमची केस जरा वेगळी होती. माझे धाकटे दीर आणि जाऊ डॅलसला असतात, त्यांनी कोलंबियातून सख्खी भावंडं दत्तक घेतली, मुलगी ७ वर्षांची आणि मुलगा ५. अमेरिकेत हेग करारातल्या (परदेशी दत्तकाबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार) देशातून मूल घ्यायचं तर आईबापांना आधी किमान १० तासांचं ट्रेनिंग सक्तीचं आहे, शिवाय कोलंबियात जाऊन राहायचं, तिथल्या फॅमिली जजचा निकाल घ्यायचा, मग मुलं घरी. म्हणजे ते दोघं तयारच होते हो, पण पोरं सुट्टीत पहिल्यांदा इथं येणार आणि तेही कानबाईच्या, म्हणजे आमच्या खानदेशातल्या श्रावणातल्या सणाच्या वेळेस, म्हणजे सगळे भाऊबंद घरात, आणि आम्हाला कोणी कसलं ट्रेनिंग दिलंय? जावेनीच म्हटलं वहिनी तिथं कोणी काउन्सेलर बघा. आम्ही तोवर खोलीला रंग, दोन नवे बेड, भिंतीवर कार्टून, कूलर हे सगळं करून मोकळे झालो होतो. मॅडम घरी आल्या, खोली बघितली, छान आहे म्हणाल्या आणि लगेच विचारलं, घरात मोठी माणसं कोण कोण आहेत, सगळ्यांना बसवा.

पहिलाच मुद्दा सासूबाईंना झोंबला. मॅडम म्हणाल्या जेवण भरवणं, पडलं-रडलं तर जवळ घेणं, झोपवणं हे सगळं आईबापच करतील, बाकीच्यांनी खेळा, बोला, पण ते काम त्यांच्याकडून घेऊ नका. सासूबाई लगेच, "आपलाच नातू शे ना, मंग मांडीवर लेवाले काय व्हस?" मॅडमनी न चिडता समजावलं की संस्थेत वाढलेली काही मुलं दिसेल त्याच्या मांडीवर जाऊन बसतात, आपण म्हणतो किती लाघवी आहे, पण तिथं सांभाळणारी माणसं सारखी बदलत राहिलेली असतात म्हणून ती अशी सगळ्यांना चिकटतात, आपलं माणूस कोणतं हे त्यांना अजून पक्कं कळायचं असतं. मग अशा वेळी हाकलायचं नाही, हसून "चल मम्मीकडे जाऊ" म्हणत आईपाशी नेऊन सोडायचं. धाकटा आल्या दिवशीच दूधवाल्याच्या कडेवर चढला, तेव्हा सासूबाईंनीच त्याला आईकडे नेलं. पैसे तिथंच वसूल झाले म्हणा.

खाण्याचं तर फारच कामाला आलं. मॅडमनी जावेला व्हिडिओ कॉलवर घेऊन विचारलं, मुलांना ओळखीचं काय वाटतं? कोलंबियात मक्याच्या जाड भाकरीसारखं अरेपा खातात आणि हिरवी केळी तळून, चेपून, परत तळतात, ती केळी आपल्या केळ्यांपेक्षा मोठी असतात. जळगावात कच्च्या केळ्यांना काय तोटा! मक्याचं पीठही दळून ठेवलं. सुरुवातीला पोरांनी तेच खाल्लं, शेवभाजीला हात लावला नाही, भरीत मात्र मोठीला आवडलं, कसं काय ते देव जाणे.

दुसरं म्हणजे खाऊचा डबा. खायला मिळेल का नाही याची धास्ती घेतलेली मुलं पोट भरल्यावरही खाणं लपवून ठेवतात, ती चोरी नाही, तपासायचं नाही, रागवायचं नाही, त्यांच्या हाताशी येईल असा डबा ठेवायचा आणि तो कधीच रिकामा होऊ द्यायचा नाही, असं मॅडमनी सांगितलेलं. तरी उशीच्या अभ्र्यात पारले-जी निघालेच, वर लाल मुंग्या. फिरकीच्या झाकणाचा डबा दिला आणि मुंग्यांचा प्रश्न मिटला, बिस्किटं अजून कमी होतच होती ते वेगळं.

पण मला सगळ्यात आवडला तो प्रॅक्टिसचा भाग. मॅडम स्वतः शेजारीण झाल्या, पदर-बिदर खोचून, आणि एकेकाला विचारत सुटल्या, "हे कोनाचं पोर? खरे आईबाप कुठं गेले? रंग वेगळा दिसतो." आम्ही सगळे ततपप. सासूबाई म्हणाल्या, "तुमले काय करनं शे?" सगळा हॉल हसला. मॅडमही हसल्या पण म्हणाल्या मुलांसमोर असं फटकारू नका, भाषा नाही कळली तरी आपल्यावरून भांडण झालं हे त्यांना समजतं. "आमच्या धाकट्याची मुलं, सुट्टीत आलीत" एवढंच म्हणायचं आणि विषय बदलायचा. आधीची कहाणी मुलांची आहे, ती त्यांनी सांगायची तेव्हा सांगतील, आपण वाटत फिरायची नाही. आत्याबाईंना हे पटलं नाही, त्यांना अजूनही नाही पटलेलं.

कानबाईच्या रात्री मुलांना थोडा वेळ आईजवळ बसवलं, गाणी-बिणी ऐकली, आवाज वाढला तसं मागच्या खोलीत नेलं. हेही आधीच ठरलेलं.

आता एक स्टार का कापला. नोट्स सगळ्या इंग्रजीत, पीपीटीतली घरं पुण्या-मुंबईच्या फ्लॅटसारखी, "मुलांसाठी शांत कोपरा ठेवा" हे जुन्या वाड्यात आणि सणाच्या गर्दीत कसं जमवायचं ते आम्हीच शोधलं. रात्री लाइट गेली तर काय हा मुद्दा तर यादीतच नव्हता, अंधाराला मुलं घाबरतात म्हणून चार्जिंगचा दिवा ठेवा हे आमच्या वायरमन भाच्यानी सुचवलं. अपॉइंटमेंटसाठी फोन लवकर उचलत नाहीत, व्हॉट्सअॅप करा. फी घरटी आहे, डोकी मोजत नाहीत, त्यामुळे आजी-आजोबा, काका, घरकामाच्या मावशी सगळ्यांना बसवा. आणि त्यांना रविवारची सकाळची वेळ मागा, दुपारी आमचे निम्मे पुरुष बसल्या बसल्या पेंगत होते. मराठी नोट्स करतो म्हणाल्यात, आल्या की स्टार वाढवेन.