जर्मनीत खोली घेताना: हॉस्टेल, वेगे की सिनियरची रूम?

ऑक्टोबरच्या सेमिस्टरला जर्मनीला निघालेल्या पोरापोरींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: भाडं किती? आमच्या मते तो दुसऱ्या नंबरवर घ्यावा. पहिला प्रश्न असा विचारा की या खोलीच्या पत्त्यावर माझी नोंदणी होईल का? 300 युरोची खोली स्वस्त वाटते, पण तिथे नोंदणी होणार नसेल तर दोन-तीन महिन्यांत तीच सगळ्यात महाग पडते.

या नोंदणीला तिथे आनमेल्डुंग म्हणतात. खोलीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत शहराच्या नागरिक कार्यालयात जाऊन ती करायची. कायद्याने उशिराबद्दल 1,000 युरोपर्यंत दंड होऊ शकतो. नोंदणीला बहुतेक शहरांत पैसे लागत नाहीत. लागतात त्या तीन गोष्टी: पासपोर्ट, भरलेला फॉर्म आणि घर देणाऱ्याने सही केलेला एक पानी कागद, वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. गावात रहिवासी दाखला हवा असेल तर ग्रामपंचायतीत तुम्हाला ओळखणारं कोणीतरी असतंच, तिथे मात्र तुमचा पत्ता घर देणाऱ्याच्या सहीवर उभा असतो. भाडेकरार दाखवून भागत नाही. करारावर मालकाची सही असली तरी हा वेगळा कागद मागतात, आणि तो नसेल तर खिडकीवरून परत पाठवतात. 2015 च्या नोव्हेंबरपासून हा नियम आहे.

पुढचं बरंच काही या नोंदणीवर अडतं. करक्रमांक नोंदवलेल्या पत्त्यावर टपालाने येतो, आणि अर्धवेळ कामाचा पगार त्याच्याशिवाय चढ्या दराने कर कापून मिळतो. बऱ्याच बँका खातं उघडताना नोंदणीची पावती मागतात. निवास परवाना कोणत्या शहराचं परदेशी नागरिक कार्यालय देणार, हेही नोंदलेल्या पत्त्यावरून ठरतं. व्हिसाची मुदत संपायच्या आत तिथे अर्ज पडायला हवा.

पैशाचं वेळापत्रक

व्हिसासाठी ब्लॉक खात्यात, म्हणजे महिन्याला ठरलेली रक्कमच काढता येते अशा खात्यात, वर्षाचे 11,904 युरो भरावे लागतात, म्हणजे महिन्याला 992. विद्यार्थ्याच्या सरकारी आरोग्य विम्याचे साधारण 145 वजा केले की हातात 850 च्या आसपास उरतात. खाणं, मोबाइल आणि वह्या-पुस्तकांपासून भाड्यापर्यंत सगळं त्यात बसवायचं. म्हणून महिन्याला 400 ते 450 च्या वर भाडं नको, असं आम्ही सांगतो. कामाचे पैसे येतील हे धरून 700 ची खोली घेणं धोक्याचं आहे. नोकरी मिळायला सेमिस्टर जातं, जर्मन येत नसेल तर जास्तच.

दुसरी गोष्ट घरच्यांशी आधी बोलून घ्या. ब्लॉक खात्यातला पहिला हप्ता तिथे पोहोचून खातं सुरू झाल्यावरच सुटतो. डिपॉझिट आणि पहिल्या महिन्याचं भाडं त्यातून देता येत नाही, ते वेगळे लागतात. हॉस्टेलचा होकार आणि डिपॉझिटचा ईमेल येतो पोळ्याच्या सुमारास, तेव्हा कपाशीला नुसती पाती-फुलं असतात आणि सोयाबीन अजून उभं असतं. कापसाचे पैसे दिवाळीनंतर येणार म्हणून थांबलात तर खोली दुसऱ्याला जाते. शैक्षणिक कर्ज घेत असाल तर मंजुरीपत्रात निवासाचं डिपॉझिट आणि पहिलं भाडं वेगळ्या ओळीत लिहून घ्या. नंतर शाखेत जाऊन ते वाढवून घ्यायचं म्हणजे तालुक्याला दहा चकरा.

1 युरो म्हणजे 100 रुपये धरला तर हिशेब असा बसतो. हॉस्टेलला 320 भाडं, 600 डिपॉझिट आणि पहिल्या आठवड्यांसाठी 300 हातखर्च, म्हणजे सव्वा लाखाच्या आत. वेगेत, म्हणजे सामाईक फ्लॅटमध्ये, 500 ची खोली घेतली तर डिपॉझिट कायद्याने तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत जाऊ शकतं. सगळं धरून सव्वादोन लाखांच्या वर लागू शकतात. मूळ भाडं म्हणजे काल्टमीटे, त्यात हीटिंग आणि पाणी येत नाही. जाहिरातीत मोठ्या अक्षरात बहुतेक वेळा तेच असतं. तुलना नेहमी वार्ममीटेची, म्हणजे हीटिंग-पाणी धरून होणाऱ्या भाड्याची करा, आणि वीज-इंटरनेट त्यात आहे का तेही विचारा. डिपॉझिट तीन मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूला आहे. मागून बघा, काही जण ऐकतात.

विद्यार्थी हॉस्टेल

आपल्याकडे कॉलेजला नंबर लागला की हॉस्टेलचा फॉर्म कॉलेजच देतं. तिथे हॉस्टेलं चालवते स्टुडिएरेंडेनवेर्क ही वेगळी संस्था. देशभर अशा 57 संस्था आहेत. विद्यापीठाचं प्रवेशपत्र आलं म्हणून खोलीचा अर्ज आपोआप होत नाही, तो त्यांच्या साइटवर वेगळा भरावा लागतो. काही ठिकाणी प्रवेशपत्राच्या आधीही भरता येतो, तिथे तो त्याच दिवशी भरून ठेवा. भाडं साधारण 250 ते 400, त्यात बहुतेक वेळा वीज-पाणी-इंटरनेट सगळं. नोंदणीचा कागद किल्लीबरोबर किंवा एक-दोन दिवसांत विनासायास मिळतो. आमची पहिली पसंती हीच, आणि त्याचं मुख्य कारण हा कागद.

अडचणी दोन. पहिली प्रतीक्षायादी. म्युनिकसारख्या शहरात ती काही सेमिस्टर लांबते. केमनित्स, माग्डेबुर्ग अशा पूर्वेकडच्या शहरांत खोली बरीच सहज मिळते, भाडंही कमी. दुसरी अडचण वेळेची. होकार कळवायला मोजके दिवस देतात आणि तो ईमेल हमखास स्पॅममध्ये पडतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये रोज स्पॅम बघा. गावात नेट नसेल तर तालुक्याच्या ठिकाणी राहणाऱ्या कोणालातरी लॉगिन देऊन ठेवा.

किल्लीचं एक बघून ठेवा. हॉस्टेलचा हाउसमाइस्टर म्हणजे केअरटेकर, आणि तो ठरलेल्या कामकाजाच्या तासांतच किल्ली देतो. शुक्रवारी रात्री उतरलात तर सोमवारपर्यंत बाहेर. करार 1 ऑक्टोबरचा असेल तर 3 ऑक्टोबर ही तिथली राष्ट्रीय सुटी आहे, हेही लक्षात घेऊन तिकीट काढा. खोलीत पलंग, गादी, टेबल, कपाट असतं. उशी, पांघरूण, भांडी बहुतेक वेळा नसतात. एक जाड चादर आणि एक छोटा कुकर बॅगेत टाकला तर पहिली रात्र निभते.

खासगी कंपन्यांची विद्यार्थी अपार्टमेंटही हॉस्टेलसारखीच दिसतात. नोंदणी होते, करार इंग्रजीत, बुकिंग ऑनलाइन. भाडं मात्र मोठ्या शहरांत 600 च्या वर, आणि वरच्या हिशेबात ते बसत नाही. फार तर पहिल्या सेमिस्टरपुरतं घ्या, आणि सही करण्याआधी करार किती महिन्यांचा आहे ते बघा. सहा महिन्यांनी सोडायचं असताना वर्षाचा करार केला की उरलेलं भाडं गळ्यात पडतं.

वेगे आणि पोटभाडं

चार-पाच जण मिळून फ्लॅट घेतात, प्रत्येकाची खोली वेगळी, स्वयंपाकघर सामाईक. याला वेगे म्हणतात. देशभर खोलीचं सरासरी भाडं 500 च्या आसपास, म्युनिकमध्ये 800 च्या आसपास. इथे खोली निवडायचा हक्क तुमच्याकडे फारसा नसतो, राहणारेच तुम्हाला निवडतात. व्हिडिओ कॉलवर दहा मिनिटं गप्पा मारून ठरवतात. संदेश थोडक्यात, स्वतःबद्दल दोन ओळी आणि जर्मनमध्ये लिहिलेला असला की उत्तर येण्याची शक्यता वाढते. एकच मजकूर सगळ्यांना चिकटवलेला असला की ते ओळखतात. शुफा नावाचा पतअहवाल मागतील, तो नवख्याकडे नसतोच. त्याऐवजी ब्लॉक खात्याचं पत्र आणि प्रवेशपत्र पाठवा.

कागदाचा गुंता इथे आहे. फ्लॅटमध्ये मूळ भाडेकरू एक असतो आणि बाकीचे त्याचे पोटभाडेकरू. नोंदणीचा कागद मूळ भाडेकरूही सही करून देऊ शकतो, घरमालकच लागतो असं नाही. पण पोटभाडेकरू ठेवायला त्याने मालकाची परवानगी घ्यावी लागते. ती नसेल तर तो सही करायला घाबरतो आणि जाहिरातीत टाकतो की नोंदणी होणार नाही. अशी जाहिरात भाडं बघायच्या आत बंद करा. जी चांगली वाटेल तिला एकच लेखी प्रश्न पाठवा: राहायला आल्यावर तुम्ही मला नोंदणीचा कागद द्याल ना? उत्तर फोनवर नको, लेखी हवं.

सुट्टीत किंवा इंटर्नशिपला गेलेला विद्यार्थी दोन-चार महिन्यांसाठी खोली देतो, ते त्स्विशनमीटे. सामानसुमान तयार असतं. हॉस्टेलच्या यादीत नंबर लागेपर्यंत हा पूल चांगला, फक्त नोंदणी होत असेल तरच. पत्ता बदलला की पुन्हा दोन आठवड्यांत नोंदणी आणि पुन्हा नवा कागद. शहर बदललं तर निवास परवान्याची फाइलही त्या शहराकडे जाते आणि महिने लागतात. म्हणून पूल शक्यतो त्याच शहरात बांधा.

फसवणूक सगळ्यात जास्त इथेच होते. ठरलेली गोष्ट: मालक परदेशात आहे, डिपॉझिट पाठवा, किल्ली कुरियरने येईल. म्युनिकच्या मध्यात 350 ला अख्खा फ्लॅट. ओळखीतल्या कोणालातरी प्रत्यक्ष खोली बघायला पाठवल्याशिवाय, किंवा व्हिडिओ कॉलवर दारापासून खिडकीपर्यंत दाखवल्याशिवाय पैसा पाठवू नका. पासपोर्टची प्रत पाठवलीच तर तिच्यावर आडवं लिहा की ती फक्त या खोलीच्या करारासाठी आहे.

कोणी नुसता पत्ता विकत असेल, म्हणजे राहायचं दुसरीकडे आणि नोंद तिथे, तर त्या वाटेला जाऊ नका. असा पत्ता देणाऱ्याला 50,000 युरोपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि तुमच्या परवान्याच्या फाइलवर खोटी माहिती चढते.

सिनियरची रूम

आपल्या भागातून गेलेला कोणी दादा किंवा ताई असली की घरच्यांना धीर येतो. पंधरा दिवसांसाठी ठीक. पण ते हॉस्टेलमध्ये राहत असतील तर पाहुणा किती दिवस ठेवायचा याला मर्यादा असते, आणि हॉस्टेलच्या खोलीवर तुमच्या नोंदणीचा कागद त्यांना देता येत नाही. त्यांना अडचणीत आणू नका. युथ हॉस्टेल किंवा पर्यटकांच्या खोल्यांचंही तसंच, झोपायला जागा मिळते, पत्ता मिळत नाही.

नोंदणीच्या दिवशी

खोली पक्की झाली की नोंदणीची ऑनलाइन वेळ इथूनच घ्या, राहायला जाण्याच्या तारखेनंतरची. आधीची चालत नाही. दोन आठवड्यांत वेळ मिळाली नाही तर ज्या दिवशी बुकिंग केलं त्याचा स्क्रीनशॉट जपा.

पासपोर्टमध्ये आपल्याकडे नाव आणि वडिलांचं नाव एका रकान्यात, आडनाव दुसऱ्या. तिथे वडिलांचं नाव तुमचंच दुसरं नाव धरतात, त्याने बिघडत नाही. आडनावाचा रकाना रिकामा असेल तर मात्र व्हिसाच्या आधी नागपूरच्या पासपोर्ट कार्यालयातून दुरुस्त करून घ्या. फॉर्ममध्ये धर्माचा रकाना असतो. कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट लिहिणाऱ्याच्या आयकरावर 8 किंवा 9 टक्के चर्च कर लागतो. हिंदू किंवा बौद्ध विद्यार्थ्याला त्याची काळजी नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी टपालपेटीवर पासपोर्टच्या स्पेलिंगप्रमाणे आडनाव चिकटवा. तिथे फ्लॅट नंबर बहुधा नसतो, पोस्टमन आडनाव वाचून पत्र टाकतो. नाव नसलं की करक्रमांक, विमा कार्ड, बँकेचा पिन सगळं परत जातं आणि पुन्हा मागवण्यात आठवडे जातात. काही दिवसांनी रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचंही पत्र येईल, दर घराला महिन्याला 18.36 युरो. फसवं समजून फाडू नका. वेगेत एकाने भरली की बाकीच्यांनी त्याचा वर्गणी क्रमांक कळवायचा. हॉस्टेलात सामाईक कॉरिडॉरवर उघडणारी खोली मात्र बहुधा वेगळं घर धरली जाते.

नेदरलँड्सचाही विचार असेल तर

तिथे निवास परवान्याचं काम विद्यापीठ करतं, तो भाग जर्मनीपेक्षा सोपा. नोंदणी मात्र कडक: चार महिन्यांहून जास्त राहणाऱ्याने पोहोचल्यापासून पाच दिवसांत नगरपालिकेत जायचं, आणि जन्मदाखला लागतो, तोही अपोस्टील केलेला, म्हणजे परदेशात चालावा म्हणून सरकारी शिक्का मारलेला. ग्रामपंचायतीच्या जुन्या दाखल्यावर बाळाचं नावच नसतं किंवा तो फक्त मराठीत असतो. नाव चढवून घेणं, इंग्रजी प्रत, राज्याचं प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टील, एवढ्याला दोन महिने हाताशी ठेवा. जर्मनीत एकट्या विद्यार्थ्याच्या नोंदणीला सहसा हे लागत नाही. उलट 2005 मध्ये भारत अपोस्टील करारात आला तेव्हा जर्मनीने आक्षेप घेतला होता, त्यामुळे जर्मनीसाठी अपोस्टील करून देतो म्हणणाऱ्या एजंटला आधी विचारा की हे मागितलंय कोणी. आणि नेदरलँड्समध्ये खोल्यांची टंचाई इतकी आहे की जागा मिळाली नसेल तर येऊ नका, असं तिथल्या काही विद्यापीठांनी स्वतः सांगितलेलं आहे. विद्यापीठाने पहिल्या वर्षासाठी राखीव खोली देऊ केली तर महाग वाटली तरी घ्या. ती न मिळाल्यास, आणि जर्मनीतल्या एखाद्या लहान शहरात हॉस्टेलचा होकार हातात असल्यास, आम्ही जर्मनीच निवडू.