पॅरिश शाळेतले दहा महिने: लेकीची तिसरी आणि आमचा अनुभव

शाळेचं आणि गावाचं नाव लिहीत नाही, कारण थोडी कुरकुरही करायची आहे. खानदेशातलं तापीकाठचं तालुक्याचं गाव समजा. आम्ही मूळचे श्रीरामपूरकडचे. तिकडे हरेगावची मतमाउली, म्हणजे मारियामाता, तिची सप्टेंबरातली यात्रा, गल्लीत चार घरं सोडली की पाचवं आपल्यातलं, कॅथलिक. मिस्टरांची बदली झाली आणि गेल्या जूनमध्ये लेकीला इथल्या पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, आवारातल्या शाळेत तिसरीत घातलं. धर्मप्रांत (एका बिशपच्या हाताखालचा भाग) तोच, नाशिकचा. आमचा नगर जिल्हा आणि खानदेशचे तिन्ही जिल्हे त्यातच येतात. त्यामुळे वाटलं, फक्त घर बदललं.

वर्गात बावन्न मुलं, त्यात कॅथलिक तीन. चर्चची शाळा म्हणजे धर्मशिक्षण आपोआप होईल, आपण फक्त डबा भरून द्यायचा, असं मी धरून चालले होते. पहिल्या आठवड्यात गेटबाहेर उभी राहून सकाळची प्रार्थना ऐकली. कुणालाही म्हणता येईल अशी साधी प्रार्थना. शेवटी क्रूसाची खूण करायला त्या वर्गाच्या रांगेत तीनच हात वर गेले. जरा वाईटच वाटलं. मुख्याध्यापिका सिस्टरांना विचारलं तेव्हा त्यांनी न चिडता समजावलं: घटनेच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क दिला, पण सरकारमान्य शाळेत पालकांच्या संमतीशिवाय कुठल्याही मुलाला धर्मोपासनेला बसवता येत नाही, ते कलम २८ मध्ये आहे. म्हणून बाकीच्यांना मूल्यशिक्षणाचा तास, आणि आपली मुलं त्या वेळात लायब्ररीशेजारच्या खोलीत धर्मशिक्षणाला. आठवड्यातून एकदा, पस्तीस मिनिटं. बाकीचं घरी करा, असं स्पष्ट सांगितलं. राग आला होता, पण चर्चच्या कायद्यातही ही जबाबदारी आधी आईबापांचीच आहे.

खरं धर्मशिक्षण रविवारी, मिस्सा (चर्चमधली उपासना) संपल्यावर, पहिलीच्या वर्गात. बाक इतके बुटके की मोठ्या मुलांचे गुडघे वर येतात, फळ्यावर शनिवारचे पाढे तसेच. शिकवणाऱ्या बाई एकट्या, मुलं अठरा, पहिलीपासून आठवीपर्यंत सगळी एकत्र. पुस्तकातलं कमी आणि गोष्टी जास्त. सप्टेंबरात पोपनी कार्लो अकुतिसला संत जाहीर केलं तेव्हा बाईंनी त्याचा फोटो दाखवला. जीन्स घातलेला, कॉम्प्युटरवर बसणारा, १५ व्या वर्षी रक्ताच्या कॅन्सरने गेलेला मुलगा. लेक घरी येऊन आजीला म्हणाली, "संताला पण गेम आवडायचे." सासूबाई दोन मिनिटं गप्पच.

भाषेचा घोळ मात्र मोठा आहे. शाळा इंग्रजी, मिस्सा इंग्रजी, घरी सासूबाईंची जपमाळ मराठीत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने) १९६३ मध्ये लोकभाषेतल्या उपासनेला दार उघडलं, आमच्या गावाकडे मराठी मिस्साशिवाय रविवार नाही. इथे गोव्याची, तमिळ, मल्याळी घरं जास्त, सगळ्यांना कळणारी म्हणून इंग्रजी. प्रार्थनांपैकी लेकीला मारियेची 'नमो मरिये' मराठीत पाठ आणि 'अवर फादर' इंग्रजीत. पहिल्या कोमन्योनच्या (मिस्सात पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्याच्या) आधी पहिलं कन्फेशन, म्हणजे फादरांपुढे आपल्या चुका कबूल करणं, असतं. आदल्या रात्री अंथरुणात विचारते, "आई, चुगलीला इंग्रजीत काय म्हणायचं? फादरना कळायला नको का?" मला पण सांगता येईना. सकाळी तिला फादरांकडे पाठवलं. मंगळुरूकडचे आहेत, पण "मराठीतच बोल, देवाला येते आणि मलाही थोडी येते," म्हणाले. बाहेर येऊन तिने तीन वेळा 'नमो मरिये' म्हटलं आणि मग थेट नळावर पाणी प्यायला पळाली. आम्ही चार मराठी घरांनी मिळून विनंती केली, तेव्हापासून महिन्याचा पहिला रविवार मराठी मिस्सा आहे. गाणी अजून अडखळतात.

राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो त्या दिवशी, सकाळची मिस्सा करून ती कपाळावरच्या राखेसह वर्गात गेली. शेजारच्या बाकावरची मैत्रीण म्हणे, "कोणत्या देवाचा अंगारा गं?" हिने सांगितलं, मागच्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळून केलेली राख आहे. घरी येऊन उपवासाचा हट्ट. अठरा ते एकोणसाठ वयाच्या लोकांनाच उपवास बंधनकारक, मांस वर्ज्य करायचं तेही चौदापासून, असं सांगून पाहिलं. शेवटी तिने शाळेच्या गेटवरची कुल्फी सोडली. इकडे मार्चात पारा चाळिशीला टेकतो, म्हणजे ती तपश्चर्याच. मैत्रिणीनेही सोबत सोडली. ती चार दिवस टिकली, आमची ईस्टरपर्यंत.

नाताळ मला सगळ्यात आवडला. गव्हाणीचं छप्पर केळीच्या सुकलेल्या पानांचं, खाली ज्वारीचा कडबा, आणि बाळ येशूची जागा चोवीसच्या रात्रीपर्यंत रिकामी. ती करायला शाळेतली वीसेक मुलं आली, त्यात कॅथलिक पाच-सहाच. केळीची पानं एका लेवा पाटलांच्या मुलाच्या शेतातून आली. त्याच्या वडिलांनी टेम्पोच पाठवला. पंचवीसला आमच्या करंज्या, गोव्याच्या घरातल्या नेवऱ्या (म्हणजे करंज्याच, पण हे त्यांच्यासमोर म्हणायचं नाही) आणि शेजारच्या ताईंनी आणलेलं वांग्याचं भरीत असं जेवण झालं.

आता कुरकुर. गॅदरिंगच्या तालमी सलग तीन रविवार सकाळी नऊला ठेवल्या, ऐन मिस्साच्या वेळेला. चर्चच्याच आवारातल्या शाळेने! दोनदा बोलल्यावर चौथ्या रविवारी अकराला गेली. फी पॅरिशच्या घरांनाही तीच, सवलत मागितली तर अर्ज आणि उत्पन्नाचा दाखला. आणि जुन्या घरांची पुढची बाकं ठरलेली आहेत. दिवाळीपर्यंत आम्हाला "नवीन लोक" म्हणत होते. ऑक्टोबरात माउलीची मूर्ती घरोघर जपमाळेला फिरते, ती आमच्याकडे शेवटच्या दिवशी आली. सासूबाईंनी पन्नास माणसांचा चहा केला होता, आली सतरा. पण त्यानंतर नावाने हाक मारायला लागले.

पाचपैकी साडेतीन तारे. चौथीलाही इथेच ठेवतोय.

कुणी बदलीवर येणार असाल तर एक काम आधी करा. कोमन्योनसाठी बाप्तिस्म्याचा दाखला लागतो आणि त्याची नोंदवही बाप्तिस्मा जिथे झाला त्याच धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) असते. आमचा गावाहून यायला तीन आठवडे लागले, आणि तोवर लेकीचा पांढरा फ्रॉक शिवून, इस्त्री करून कपाटात टांगलेला होता.